मधल्या उंचीचा कठडा

बुलढाण्याच्या त्या सभागृहात पडद्यावर फोटो आला आणि मी जागेवरून उठून ओरडलो, "उतरा! आधी खाली उतरा!"

सगळं सभागृह हसलं. पडद्यावर आमच्या गावची विहीर होती. तिला नवा कठडा होता आणि त्या कठड्यावर शाळेची पोरं ओळीनं बसली होती. पाय रस्त्याकडे, पाठ विहिरीकडे. मधोमध माझी नात, शेजारच्या पोरीच्या खांद्यावर रेलून खिदळत होती. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'लोकसहभागातून सुरक्षित विहीर'.

माईकवरून कार्यक्रम भरवणाऱ्या संस्थेच्या ताई म्हणाल्या, "काका, फोटो आहे तो. बसा बरं खाली."

पुन्हा हशा. मागच्या कोणीतरी माझा सदरा ओढून मला खाली बसवलं.

मी बैलांचा दलाल आहे. भर बाजारात मला आईबहिणीवरून शिव्या पडल्या आहेत, मीही दिल्या आहेत. पण असं ओढून खाली कोणी बसवलं नव्हतं. ते माझ्या मनातून जात नाही आणि जाणारही नाही. वर संस्थेनं आपल्या कामाचं जे पुस्तक छापलं, त्यात आमच्या विहिरीबद्दल लिहिलं, 'संवादातून सहमती झाली'. संवाद करायला मी तिथं होतो. काय झालं ते मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढेच्या जवळ. घर वावरात आहे. पोरगा पुण्याकडे कंपनीत, सून आणि नात आमच्याजवळ. मी लहानपणी दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून बाजारात उभा राहायचो, चहा आणि भज्यांवर. पुढं स्वतः सौदे जुळवू लागलो. आता ट्रॅक्टरांनी बैलांचा बाजार खाल्ला, तरी जोडी घ्यायची असेल तर माणूस अजून मला विचारतो. हे कोणी मला दिलेलं नाही. तोंडाच्या आणि बोटांच्या जोरावर मिळवलं आहे.

बोटांचं सांगायला पाहिजे. बैलाचा भाव आम्ही तोंडानं बोलत नाही. खांद्यावरचा दुपट्टा हातांवर टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. त्यानं उलट दाबून आपला सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असोत, कोणाला काही कळत नाही. हातात हात घट्ट मिळाला की सौदा झाला. नंतर आकडा उघड करणं हलकटपणा.

आमच्या घरातून शाळेला जाणारी पांदण एका जुन्या विहिरीला लागून जाते. विहीर ज्याच्या वावरात आहे त्याला गावात सगळे मालक म्हणतात. जमीन मोठी, बोलणंही मोठं. पूर्वी विहिरीचं तोंड रस्त्यापेक्षा उंच होतं. पांदणीवर मुरूम पडत गेला, रस्ता वर आला आणि विहिरीचं तोंड जमिनीच्या बरोबरीला आलं. पावसाळ्यात तरोट्याचं तण वाढलं की विहीर दिसतच नसे. ज्याला ठाऊक आहे तो दुरून जायचा.

एका पावसाळ्यात माझी शेळी त्यात पडली. सकाळची वेळ होती, नात शाळेला निघाली होती, शेळी तिच्या मागं मागं. मी गोठ्यात होतो. नातीची किंकाळी ऐकली आणि धावलो. ती काठापासून हातभर अंतरावर उभी होती, गवतात. खालून शेळीचा आवाज येत होता. विहिरीतून येणारा आवाज वेगळाच असतो, चारी बाजूंनी येतो आणि कुठूनच येत नाही. मी दोर आणेपर्यंत तो थांबला.

शेळीचं मला काही वाटलं नाही. त्या हातभर अंतराचं वाटलं. त्या दिवसापासून रोज सकाळी वावर पाहायला जातो असं सांगून मी नातीच्या मागं विहिरीपर्यंत जाऊ लागलो. ती वळून म्हणायची, "आबा, तुम्ही काऊन रोज येता?" मी म्हणायचो, "तुह्यासाठी थोडी येतो? माह्या कामानं येतो." ती शाळेच्या फाटकात दिसेनाशी झाली की मग जीव भांड्यात पडायचा. दुपारी पुन्हा तेच. बाजाराच्या दिवशी मी धामणगावात बैलाचे दात पाहत असायचो आणि कानात तो आवाज.

मालकाला जाऊन सांगायला हवं होतं. पण त्याचं माझं बोलणं बंद होतं. माझ्यामार्फत घेतलेला बैल त्यानं पेरणी आटोपल्यावर लंगडा म्हणून परत आणून माझ्या दारात बांधला होता आणि गावासमोर मला लबाड म्हणाला होता. बैल लंगडा नव्हता. तो माझ्या दारात आला तेव्हाही नव्हता. ती गोष्ट वेगळी. पण म्हणून मी त्याच्या दारात जाणार नव्हतो.

त्याच सुमाराला संस्था गावात आली. गावच्या लोकांनी गावचा कारभार कसा पाहावा, ग्रामसभेत कसं बोलावं, अर्ज कसा करावा, हे संस्थेच्या ताई शिकवतात. दर रविवारी समाजमंदिरात वर्ग. माझी सून जाऊ लागली. मला ते पसंत नव्हतं. एका रविवारी मी तिला बोलवायला गेलो, खरं म्हणजे भांडायलाच गेलो.

आत बायका आणि काही पोरं जमिनीवर गोल करून बसली होती. मधे रांगोळीनं गावाचा नकाशा काढलेला. घरं, शाळा, मारुतीचं देऊळ, पांदण. ताईंनी प्रत्येकाच्या हातात तुरीचे दाणे दिले होते. "गावात जिथं जिथं तुम्हाला भीती वाटते, तिथं दाणा ठेवा," त्या म्हणाल्या. "कोणी कोणाला का म्हणून विचारायचं नाही."

बायका उठून ठेवत होत्या. दारूच्या टपरीपाशी, अंधाऱ्या बोळात, गायरानात. आणि विहिरीपाशी. विहिरीवर दाण्यांचा ढीग झाला. मला वाटत होतं की हे मला एकट्यालाच आहे. एक म्हातारी तर माझ्याकडे पाहत म्हणाली, "ये ना दलाल, तुले नाई वाटत का भेव कशाचं? का बायकोचंच वाटते?" सगळ्या हसल्या. ताईंनी माझ्याही हातात दाणा दिला. तो घामानं तळव्याला चिकटून बसला, पडेना. मी तो विहिरीवर झटकला आणि भांडण न करताच बाहेर आलो.

पुढच्या रविवारपासून मीही जाऊ लागलो. या संस्थेनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वर्गातल्या बायकांनी एका गावचा हातपंप सुरू करून घेतला. दुसऱ्या गावात बंद पडलेला एसटीचा थांबा परत आणला. शाळा समिती, दूध संघ, बचत गट यांना एका सतरंजीवर बसवणं सोपं नाही. मी तर सख्ख्या भावांचं एका जोडीवर एकमत करताना घाम गाळला आहे. आमच्या विहिरीसाठी शाळा समितीनं माणसं द्यायची, धामणगावच्या सिमेंटवाल्यानं सिमेंट द्यायचं, दगड डोंगराचा, असं सगळं जुळत आलं. अडलं फक्त मालकापाशी.

विहीर त्याची. त्यानं हो म्हटल्याशिवाय एक दगड लागणार नव्हता. आणि त्याला वेगळंच भय होतं, हे मला ग्रामसभेत कळलं.

ग्रामसभेत विषय मांडायचं सुनेवर सोपवलं होतं. तिनं घरी भिंतीसमोर उभं राहून सराव केला होता. ती उठली, दोन वाक्यं नीट बोलली. मालक खुर्चीवरूनच म्हणाला, "कोणाची सून आहे हे? माह्या इहिरीवर आज कठडा बांधसान, उद्या पाटी लावसान, परवा म्हणसान इहीर गावाची. मले समजते सगळं."

"इहीर तुमचीच राहीन, भाऊ," सून म्हणाली. "लेकरं रोज तिथून जातात, म्हणून..."

"अन् हा दलाल काऊन मांगं लपून राह्यला? सुनेले पुढे करून सौदा करतं का बे?"

माझं डोकं सणकलं. मी उठलो. एरवी अशा वेळी माझ्या तोंडातून जे निघतं ते अर्ध्या बाजाराला ऐकू जातं. त्या दिवशी काहीच निघालं नाही. सगळं गाव समोर बसलेलं. मला दिसत होतं की आत्ता मी त्याला शिवी दिली तर तो उठून जाईल, कठडा होणार नाही, आणि उद्या सकाळी नात पुन्हा त्या गवतातून जाईल. एका शब्दावर पोरीचा जीव टांगलेला. मी इतका कधी भ्यालो नव्हतो.

मग मी मला जे येतं ते केलं. खांद्यावरचा दुपट्टा काढला, मालकासमोर गेलो आणि दुपट्ट्याखाली हात पुढं केला.

मालकानं माझ्याकडे पाहिलं. जुना गिऱ्हाईक माणूस तो, बाजारात वाढलेला. त्याचा हात आपोआप दुपट्ट्याखाली आला.

मी त्याची पाचही बोटं धरली. पाच फूट. त्यानं माझं एक बोट दाबलं. एक फूट. एवढ्यात विहीर त्याचीच दिसली असती, पंप काढाघालायला सोपं गेलं असतं, आणि कठड्याला टेकून पाणी भरायला गावातलं कोणी आलंही नसतं. मी चार धरली. तो दोनवर आला. सौद्यात पहिला आकडा कोणी धरून ठेवत नाही. ठेवला तर समोरचा हात सोडवून घेतो. त्याचा हात सैल पडतोय असं मला वाटलं. मी तीन बोटं धरली आणि घट्ट धरून ठेवली. त्यानं हात दाबला.

"काय झालं?" ताईंनी सुनेला विचारलं. "काका काय करताहेत?"

"सौदा झाला," एक म्हातारा म्हणाला.

मी दुपट्टा खांद्यावर टाकला. आकडा सांगायचा नसतो. सून जवळ आली आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामाजी, हा बैल नाई. इथं बोलून सांगा लागते."

मी मालकाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "तीन फूट कठडा," मी म्हणालो. "इहीर मालकाची. पाटी लागणार नाई." टाळ्या पडल्या. मालकाला राग नाही, गावाचं काम झालं, दोघांच्या मधोमध. ताई म्हणाल्या की वर्गात आम्ही ज्याला सहमती म्हणतो ती हीच. त्यांनी मला शाबासकी दिली, तेव्हा मला ती गोडही लागली.

कठडा झाला. पोरांनी दगड वाहिले, बायकांनी पाणी आणलं, मालक रोज येऊन उंची मोजून जायचा. गवत काढलं, विहीर दुरून दिसू लागली. मी सकाळी नातीच्या मागं जाणं सोडलं. बाजारात बैलाचे दात पाहताना कानात काही वाजेनासं झालं. फोटो काढायला संस्थेचा एक तरुण येऊन गेला म्हणे. मी तेव्हा बाजारात होतो.

मग बुलढाण्याचा कार्यक्रम. ज्या ज्या गावांत काम झालं, त्यांची माणसं बोलावली होती. सुनेला व्यासपीठावर प्रमाणपत्र मिळणार होतं; ती नवं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली होती. हातपंपाचा फोटो आला, थांब्याचा आला, टाळ्या पडल्या. मग आमचा.

मला आधी काही कळलंच नाही, ओरडलो तो आपोआप. मग दिसलं. पूर्वी विहीर जमिनीबरोबर होती तेव्हा पोरं तिला भिऊन दुरून पळायची. आम्ही तिला पोरांच्या बसण्याच्या उंचीचा ओटा करून दिला होता. पाच फुटावर कोणी चढलं नसतं. एक फुटावर कोणी बसलं नसतं. तीन फूट बरोबर.

विहिरीशी सौदा होत नसतो. हे तिथं खाली बसवला गेल्यावर मला समजलं, आणि पुढच्याच क्षणी आठवलं की आज शनिवार. सकाळची शाळा. सुटायची वेळ झालीच होती.

मी घरी फोन लावला. बायको वावरात असणार, वाजून बंद झाला. मी उठलो. सून माझ्याकडे पाहत होती. ती हसली नव्हती, सगळ्या सभागृहात ती एकटीच. "पोट्टी," मी म्हणालो. तेवढं पुरलं. व्यासपीठावरून आमच्या गावाचं नाव पुकारत होते तेव्हा आम्ही दोघं दारातून बाहेर पडत होतो. तिचं प्रमाणपत्र पुढं पोस्टानं आलं.

मोताळ्यावरून धामणगावला जाणारी जीप भरल्याशिवाय निघेना. मी ड्रायव्हरवर ओरडलो. तो म्हणाला, "काका, घाईत असान तर विमान पाहा." शेवटी निघाला. राजूर घाटाच्या तोंडाशी मी फोन काढला. मालकाचा नंबर माझ्याजवळ होता, बैलाच्या भांडणानंतर कधी लावला नव्हता. त्याची विहीर, तो जवळ असेल. लावला. एकदा वाजला आणि रेंज गेली. घाटात रेंज नसते हे मला माहीत होतं, तरी मी प्रत्येक वळणावर लावत राहिलो. सून पदराचं टोक तोंडात धरून बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "मामाजी, मी त्या दिवशी तुम्हाले बोलून सांगा म्हटलं. पण आकडा कमी आहे हे नाई म्हटलं. मलेही बरंच वाटलं." मला फक्त तो आवाज ऐकू येत होता, चारी बाजूंनी येणारा.

धामणगावहून मोटारसायकल मागून घेतली. पांदणीत शिरलो. दुरून कठडा दिसला. त्यावर कोणी नव्हतं. फक्त नातीचं दप्तर होतं, निळं, कठड्यावर ठेवलेलं.

मी गाडी सोडूनच दिली. ती पडली, सून कशीबशी उतरली. मी धावलो आणि कठड्यापाशी येऊन थांबलो. आत वाकून बघायची हिंमत होईना. खरंच होईना. हात दगडावर आणि डोळे बंद.

"काऊन बे, बैल सुटला का?"

मालक. विहिरीच्या पलीकडे निंबाखाली बाजेवर बसलेला, हातात काठी. त्याच्यामागं पोरं बोरं वेचत होती. नात त्यांच्यात होती, ओचा भरून.

मी खाली बसलो. मातीतच. सून पोरीकडे गेली आणि तिला इतक्या जोरात धरलं की ती रडायला लागली, "माही बोरं सांडली!"

"फोन तुहा होता का?" मालक म्हणाला. "मले वाटलं चुकून लागला."

"तू इथं कायले बसला?"

"मंग काय करू? कठडा झाल्यापासून शाळा सुटली की इथंच बसून राह्यलो. पह्यले पोट्टे दुरून पळत. आता बसाले चांगली जागा झाली. एक तर परवा त्याच्यावरून चालत होता, डोंबाऱ्यासारखा." त्यानं काठी आपटली. "तुहाच सौदा. तूच पाचवरून तीनवर आला."

"तू एकवर बसला होता!"

"तू पाचवर काऊन नाई बसला मंग? लंगडा बैल विकता येते, अन्..."

"लंगडा नव्हता तो!"

पोरं आमच्याकडे बघत होती. आम्ही दोघंही धापा टाकत होतो. बोलतानाही त्याची नजर कठड्यावरून हलत नव्हती. कधीपासून तो इथं एकटा बसून भीत होता आणि मी बाजारात निवांत होतो, हे मला सहन होईना. पण ते मी त्याला सांगितलं नाही. मी खांद्यावरून दुपट्टा ओढला आणि हात पुढं केला.

त्यानं दुपट्टा हिसकून बाजूला टाकला. "कापड नको. बोल."

"जाळी," मी म्हणालो. "वरून. लोखंडाची. सगळ्या तोंडावर."

"पंपाले झाकण ठेवजो," तो म्हणाला. बस्स. इकडे तिकडे काही नाही.

त्याच्या जुन्या गोठ्याचे लोखंडी अँगल होते, धामणगावच्या वेल्डरनं जाळी जोडून दिली. पुढच्या ग्रामसभेत सुनेनं सगळं उघड सांगितलं, उंची कशी ठरली तेही. संस्थेच्या ताई आल्या होत्या. तो फोटो काढून टाका असं मी त्यांना म्हणालो. त्या म्हणाल्या, पुस्तक छापून झालंय. अजून तोच आहे, पोरं ओळीनं बसलेली, पाठ विहिरीकडे. बाहेरून लोक येतात, त्यांना तोच दाखवतात.

जाळी बसवली त्या दिवशी वेल्डर म्हणाला, पोरं चढली तरी काही होणार नाही. मी म्हणालो, पोरांच्या आधी मी चढणार. बोललो खरं. कठड्यावर चढलो, एक पाय जाळीवर ठेवला, मग दुसरा. खाली काळं पाणी आणि त्यात जाळीच्या चौकटीमागं माझं डोकं. जाळी जराशी कुरकुरली. मला पुढं जाता येईना आणि मागंही येता येईना. नात खालून म्हणत होती, "आबा, नाचा ना!"

मालकानं कठड्यावरून हात पुढं केला. मी धरला. पाचही बोटं.

"उतर बे आता," तो म्हणाला. "सगळं गाव पाहून राह्यलं."

पण हात त्यानं सोडला नाही, आणि मी उतरलो नाही. दोन्ही पायांवर जोर देऊन मी जाळी पुन्हा एकदा दाबून पाहिली.